पैलवानाची ओव्हरलॉक

“पिशवी डाव्या हातात असली की मशीन चांगली. उजव्या हातात घेतली की नको म्हणायचं. एवढं ध्यानात ठेव, बाकीचं मी बघतो,” रिक्षातून उतरता उतरता हे माझ्या कानाशी कुजबुजले.

“आणि तुमचा हातच अवघडला तर?”

“गप गं. वहिनी ऐकतील.”

इंगवले वहिनी दुसऱ्या बाजूनं उतरून पदर सारखा करत होत्या. त्यांना आम्ही बोलावलं नव्हतं. आम्ही ओव्हरलॉक मशीन घ्यायला लक्ष्मीपुरीत निघालोय हे त्यांना कुठून कळलं देव जाणे, पण चपला घालून त्या दारात हजर होत्या. त्यांनाही म्हणे टाचण्या घ्यायच्या होत्या. आमच्या गल्लीत सकाळी कुणाच्या घरी काय फोडणीला पडलं हे दुपारपर्यंत सगळ्यांना कळायचं, ते ह्या वहिनींमुळं. त्यांना नको म्हणणं म्हणजे आपल्याकडे लपवण्यासारखं काहीतरी आहे असं सांगण्यासारखंच झालं असतं. आणि आमच्याकडे ते होतं.

गोष्ट अशी होती की आख्ख्या गल्लीत, गल्लीत कशाला, निम्म्या कोल्हापुरात, शालन साळोखेच्या हातचा बाळंतविडा प्रसिद्ध होता. झबली, टोपडी, दुपटी, कुंची. मुलगी पहिलटकरीण असली की आया आमच्या घरी यायच्या. शालन साळोखे म्हणजे मी. आणि मला सरळ टाका घालता येत नव्हता. आजही येत नाही. शिवायचे ते आमचे हे, पैलवान हिंदुराव साळोखे.

ह्यांचं नाव त्या काळी मोठं होतं. चांदीची गदा आमच्या घरात काचेच्या कपाटात उभी होती. पुढं एका मैदानात गुडघा गेला आणि कुस्ती सुटली, तरी सकाळच्याला तालमीत पोरांना शिकवायला जायचे आणि दिवसा दूध संघाच्या गेटवर नोकरी करायचे. बाजारातून चालले की म्हातारी माणसंसुद्धा “राम राम पैलवान” म्हणून बाजूला व्हायची. अशा माणसानं घरी दार लावून झबल्याला लेस लावायची, हे त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. मला शपथ घातली होती. पोरं तालमीत हसतील, वस्तादाचा मान राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

हे सगळं सुरू झालं आमच्या कस्तुरीमुळं. ती सातव्या महिन्यात झाली. काचेच्या पेटीत ठेवलेलं ते एवढंसं लेकरू. दुकानातलं सगळ्यात लहान झबलंही तिच्या अंगात पोत्यासारखं व्हायचं. ह्यांनी घरी जाऊन स्वतःच्या मलमलच्या फेट्याला कात्री लावली. माझ्या लग्नातली शिलाई मशीन कपड्यांच्या ढिगाखाली पडून होती, ती बाहेर काढली. तालमीत स्वतःचे लंगोट स्वतः शिवायची सवय, त्यामुळं सुईची भीती नव्हती. दुसऱ्या दिवशी सदऱ्याच्या खिशातून माझ्या तळहाताएवढं झबलं काढून त्यांनी सिस्टरच्या हातात दिलं. सिस्टरनं विचारलं, कुणी शिवलं? हे म्हणाले, हिनं. मी तेव्हा हाताला सलाइन लावून कॉटवर आडवी होते. पण सिस्टरना त्यात काही खटकलं नाही. बाईनं शिवलं म्हटल्यावर पुढं कुणी विचारत नाही.

त्या दवाखान्यातूनच पहिल्या ऑर्डरी आल्या. कस्तुरी वाढली, शाळेत जाऊ लागली, आणि माझं नावही तिच्याबरोबर वाढत गेलं. लोकांनी कौतुक केलं की मी खाली मान घालून हसायची. बायका म्हणायच्या, किती विनयशील आहे बघा.

मशीन घ्यायचं कारण वेगळं होतं. कापडाच्या आतल्या कडा सुटू नयेत म्हणून हे आधी हातानं गुंफायचे. काम वाढलं तसे ते गठ्ठे बाहेर ओव्हरलॉक करून देणाऱ्याकडे जायला लागले. तो माणूस शर्टांना वापरायचा तोच जाड दोरा झबल्यांनाही घालायचा. एके दिवशी एक बाई झबलं परत घेऊन आली. भांडायला नव्हती आली, बिचारी समजुतीनंच बोलली. बाळाच्या काखेत लाल रेघ उठली होती. हे आतल्या खोलीत दाराआड उभे राहून ऐकत होते. ती गेल्यावर बाहेर आले, झबलं उलटं करून कितीतरी वेळ त्या कडेवरून बोट फिरवत बसले आणि जेवायला उठले नाहीत. कुस्ती हरून आल्यावरसुद्धा त्यांचं तोंड असं पडलेलं मी पाहिलं नव्हतं. त्यांनी ठरवलं, बाळाच्या अंगाला लागणारी कड आता दुसऱ्याच्या हातून करून घ्यायची नाही. घरी मशीन आणायची, आणि हव्या तशा मऊ दोऱ्यावर चालणारीच आणायची.

तर अशी ही आमची वरात मगदूमअण्णांच्या दुकानात शिरली. अण्णा वयस्कर, कपाळाला गंध, डोळ्यांवर चष्मा. ह्यांना बघितल्याबरोबर ते गल्ल्यावरून उठले, हात जोडले, ह्यांच्या कुठल्याशा जुन्या कुस्तीची आठवण काढली. ह्यांच्यासाठी खुर्ची मागवली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बोला वैनी, काय शिवता तुम्ही?”

मी पढवलेलं सगळं सांगितलं. तान्ह्या बाळांचे कपडे. मलमल, फ्लॅनेल, होजिअरी. माझ्याजवळच्या पिशवीतून एक झबलं काढून त्यांच्यापुढं ठेवलं. अण्णांनी ते चष्मा वर करून बघितलं, हातावर घेऊन बघितलं, आतून बघितलं.

“लई देखणं काम हाय,” ते म्हणाले. “असला हात हल्ली बघायला मिळत न्हाई.”

मी खाली मान घालून हसले. हे खुर्चीत बसून छताच्या पंख्याकडे बघत होते.

आधी अण्णांनी एक थोरली मशीन दाखवली. लोखंडी, टेबलावर बसवलेली, खाली मोटर. बटण दाबल्याबरोबर दुकानाची फळी हादरली. घरी आमच्या दोन खोल्या, खाली घरमालक. मी हळूच ह्यांच्याकडे बघितलं. पिशवी उजव्या हातात. “ही नको,” मी म्हणाले. “आवाज फार आहे.”

“बरोबर बोललात,” अण्णा म्हणाले. मला जरा चेव आला.

मग दुसरी आली. पहिलीपेक्षा लहान, तीन दोऱ्यांची, अण्णांच्या म्हणण्याप्रमाणे घरात चालवणाऱ्या बायका हीच नेतात. आणि तिच्या शेजारी त्यांनी तिसरी ठेवली. पांढरी, सुबक, दोऱ्याच्या चार रिळांची, आणि बाजूला एक खटका. होजिअरीचं कापड ताणलं जातं, कड फुगते. तो खटका फिरवला की कापड ताणलं न जाता पुढं सरकतं, असं काहीतरी अण्णा समजावून सांगू लागले. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी मान हलवत होते आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून पिशवी शोधत होते.

नेमकं तेव्हाच वहिनींना टाचण्यांची डबी निवडायची झाली. “भाऊजी, एवढी जरा धरा,” असं म्हणून त्यांनी स्वतःची पिशवी ह्यांच्या मोकळ्या हातात दिली.

आता पैलवानांच्या दोन्ही हातांत पिशव्या. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे. डावी पिशवी थोडी वर आली. मग त्यांच्या लक्षात आलं की ती वहिनींची, म्हणून ती खाली गेली आणि उजवी वर आली. मग दोन्ही वर आल्या. अण्णांना वाटलं पैलवान व्यायाम करतायत. मला हसू दाबताना घाम फुटला.

“कुठली काढू वैनी?” अण्णांनी विचारलं.

“ही,” मी अंदाजानं पांढरीवर हात ठेवला.

“मग बसा.”

“कुठं?”

तेव्हा मला अण्णांची रीत कळली. त्यांच्या दुकानात मशीन घेणाऱ्यानं तिथंच बसून पहिली पट्टी शिवायची. ती पट्टी दुकानात राहायची. गल्ल्यामागच्या सगळ्या भिंतीवर अशा पट्ट्या टाचलेल्या होत्या, प्रत्येकीखाली शिवणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी. जो चालवणार त्याचा हात मशीनला आधी लागला पाहिजे, वडिलांच्या वेळेपासून असंच चालत आलंय, असं अण्णा मोठ्या अभिमानानं सांगत होते. त्याशिवाय ते मशीन खोक्यात भरत नसत.

मी म्हटलं, घरी जाऊन निवांत शिवीन. ते म्हणाले, पट्टी शिवायला कितीसा वेळ लागतो. वहिनी टाचण्या सोडून माझ्या पाठीमागं येऊन उभ्या राहिल्या. “बस की गं. आम्हालाबी बघू दे तुझा हात. घरी तर कधी दार उघडं ठेवत न्हाईस.”

मी बसले. दुसरं काय करणार? अण्णांनी होजिअरीचा तुकडा दिला. मी तो दाबपट्टीखाली सरकवला आणि पायानं पॅडल दाबलं. मशीन एकदम सर्रकन पळाली. मी घाबरून कापड मागं ओढलं. मशीनच्या कड कापणाऱ्या पात्यानं कडेबरोबर आतलंही कापड खाल्लं, दोरा तुटला, आणि पलीकडून जे बाहेर आलं त्याची कड कुरडईसारखी फुगलेली होती. अण्णांनी दोरा परत ओवून दिला. मी पुन्हा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा पहिल्यापेक्षा वाईट झालं.

अण्णांनी ती पट्टी हातात घेतली. दुसऱ्या हातात माझं झबलं होतंच. त्यांनी एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. माणूस सज्जन होता, आवाज अगदी खाली आणून त्यांनी विचारलं, “वैनी, हे झबलं तुम्हीच शिवलंय न्हवं?”

“हो,” मी म्हणाले. “मीच. आज जरा हात थरथरतोय.”

वहिनी माझ्या खांद्यावरून वाकल्या. “हात थरथरतोय म्हणून इतकं? शालन, खरं सांग, तू हे कुठनं आणून इकतीस काय? सोलापूरनं मागवतीस? आणि आम्हाला आपलं, माझ्या हातचं, माझ्या हातचं.”

दुकानात आणखी दोन-तीन बायका होत्या. सगळ्या वळून बघायला लागल्या. संध्याकाळपर्यंत हे गल्लीत पसरणार हे मला दिसत होतं: शालन साळोखे लबाड आहे, बाहेरचा माल आणते आणि स्वतःचा म्हणून देते. ज्या आयांनी माझ्यावर विश्वास ठेवून तान्ह्या लेकरांच्या अंगात ते कपडे घातले, त्या काय म्हणतील? एका वाक्यात मी सुटले असते. पण शपथ होती, आणि ती मोडायचा हक्क माझा नव्हता. मी खाली मान घातली. आयुष्यात पहिल्यांदा ती मान खोटी नव्हती.

मागं काहीतरी धप्पकन पडलं. ह्यांनी दोन्ही पिशव्या जमिनीवर ठेवल्या होत्या.

“ऊठ, शालन,” हे म्हणाले.

“अहो, राहू दे—”

“ऊठ म्हणतोय न्हवं.”

मी उठले. ते माझ्या जागेवर बसले. ते स्टूल त्यांच्याखाली दिसेनासं झालं. दुखरा गुडघा बाहेरच्या बाजूला वळवून त्यांनी चांगला पाय पॅडलवर ठेवला. अण्णांकडून मऊ दोरा मागून घेतला आणि चारही रिळांचा दोरा काढून नवा ओवला. तान्ह्या बाळाच्या दंडाएवढी ती त्यांची बोटं आणि ते सुईचं नेढं. मी हजारदा बघितलेलं होतं, तरी बघत राहिले. खटका थोडा फिरवला, एका चिंधीवर बघितलं, पुन्हा थोडा फिरवला. मग होजिअरीचा तुकडा घेतला आणि त्याच्यावर नुसता हात ठेवला. ओढलं नाही, ढकललं नाही. मशीन हळू चालली. पात्यानं कडेचं दोऱ्याएवढं कापड कापून खाली टाकलं आणि दुसऱ्या बाजूनं कड बाहेर येत राहिली, सपाट, सरळ, कुठंही फुगवटा नाही.

गदा मिळाली त्या दिवशी मी मैदानात होते. हजारो माणसं ओरडत होती, ह्यांना खांद्यावर घेऊन नाचत होती, मला वाटलं होतं ह्याच्यापुढं काही नाही. ते खरं नव्हतं. ह्या दिवशी कुणी टाळीसुद्धा वाजवली नाही, पण ह्या माणसाची बायको असल्याचा मला इतका अभिमान आधी कधी वाटला नव्हता.

पट्टी शिवून थांबले असते तरी चाललं असतं. पण त्यांना आता थांबायचं नव्हतं. त्यांनी फळीवरचं मलमल मागितलं, अंदाजानंच कात्री चालवली आणि तिथल्या तिथं इवलंसं झबलं उभं केलं. अण्णा वाकून बघत होते.

“पैलवान, शिवण वर आली की. उलटं झालं.”

“एवढ्या बारक्याला वरच पाहिजे, अण्णा,” हे म्हणाले. “आतल्या अंगाला बाळाची कातडी असती.”

त्यांनी झबलं गालाला लावलं. रोज लावायचे, घरी, दार लावून. कड लागत नाही ना हे ते असंच बघायचे. भर दुकानात, बायकांच्या देखत, पैलवान हिंदुराव साळोख्यांनी डोळे मिटून झबल्याची कड गालावरून फिरवली आणि मान हलवली.

“हीच मशीन द्या,” ते म्हणाले.

अण्णांनी झबलं दोन्ही हातांनी घेतलं. पट्टीऐवजी तेच भिंतीवर लावायची परवानगी मागितली. ह्यांनी मान डोलावल्यावर त्यांनी चिठ्ठी घेतली, पेन उघडलं आणि जरा थांबले. चष्म्यावरून आधी माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे.

“नाव कुणाचं घालू?”

त्या क्षणीसुद्धा, सांगते, ते माझं नाव घेऊ शकले असते. सगळं बघूनही अण्णांनी ते लिहिलं असतं, असा तो माणूस होता. तालमीतली पोरं, वस्तादाचा मान, एवढी वर्षं बंद ठेवलेलं दार, सगळं त्यांच्या तोंडावर मला दिसत होतं.

“हिंदुराव साळोखे,” हे म्हणाले.

अण्णांनी लिहिलं. “पुढं पैलवान लावू का नको?”

“लावा की,” हे म्हणाले. “लंगोट शिवताना पैलवान होतो, आता झबलं शिवल्यावर काय दुसरा झालो?”

अण्णांनी ठळक अक्षरात लिहिलं आणि चिठ्ठी झबल्याखाली टाचली.

मी वहिनींकडे बघायचं टाळत होते. मला वाटलं, आता ह्या हसतील. आता तोंडाला पदर लावतील आणि उद्या पाणी भरताना सगळ्या गल्लीला हे रंगवून सांगतील. वहिनी भिंतीवरच्या झबल्याकडे बघत होत्या. मग त्या पुढं आल्या. मला ओलांडून सरळ ह्यांच्यापाशी गेल्या. त्यांचा नेहमीचा ठसका कुठं गेला होता कोण जाणे.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “आमच्या सुमनला आठवा लागलाय. डाक्टरनी बाळ बारीक हाय म्हणून सांगितलंय. मी कुणाला बोलले न्हाई. तुमच्या हातचा बाळंतविडा पाहिजे होता.”

“किती बारीक?” ह्यांनी विचारलं. “सुमन जेवती न्हवं नीट?”

वहिनींचे डोळे भरले. त्या लेकीचं सांगू लागल्या. हे स्टुलावर बसूनच ऐकत होते, मान पुढं घेऊन, एक शब्द चुकू न देता. बाळाची हालचाल कशी आहे, दवाखाना कुठला, पेटीची सोय आहे का, सगळं विचारत होते. हे प्रश्न आजवर ते घरी मला पढवायचे आणि मी बायकांना विचारायची, पाठ केल्यासारखे, पुढं काय शिवायचं ते कळावं म्हणून. ते विचारताना माणसाचा आवाज असा मऊ होतो, हे मला माहीत नव्हतं.

“काळजी करू नका, वहिनी,” शेवटी हे म्हणाले. “आमची कस्तुरीबी पेटीतलीच. मी दोन्ही मापांचं शिवून ठेवतो. बारीक झालं तर बारीक घाला. दवाखान्यात मी स्वतः आणून देतो.”

“तुम्ही आणणार?”

“मीच शिवणार तर मीच आणणार की.”

दोघांचं बोलणं बराच वेळ चाललं. अण्णांनी मशीन खोक्यात भरली, दोरी बांधली. मी वहिनींच्या टाचण्या निवडून ठेवल्या. धंद्याचं बोलणं चाललं होतं, आणि माझं त्यात काही काम नव्हतं.